छंद : टापटीप

माझा बायोडेटा मुळात दीड पानाचा. जाहिरातीत अट होती : एकच पान, आणि तेही वर्ड फाइलमध्येच. मग दोन रात्री जागून, समास चोरून, 'कार्यरत होतो'चं 'होतो' करत मी तो एका पानात कोंबला. फॉन्टही नेहमीचा नाही, चांगला देखणा देवनागरी शोधून आणलेला. शेवटची ओळ पानाच्या तळाला पाय टेकून उभी राहिली : 'छंद : टापटीप.'

पाठवण्याआधी भाचीला म्हटलं, एकदा नजर टाक. पाच मिनिटांत फोन.

"मामा, दुसरं पान मुद्दाम ठेवलंय का?"

"कुठलं दुसरं पान?"

"अख्ख्या पानावर नुसतं 'छंद : टापटीप' आहे. बाकी कोरं."

मी म्हटलं, तुझ्याकडे माझा फॉन्ट नसेल. तर म्हणे, "आहे की! वरच्या चौकटीत त्याचंच नाव दिसतंय." फोटो पाठवला. नाव त्याचंच होतं, पण अक्षरं सरळसरळ मंगल. मंगल हा विंडोजच्या घरचा देवनागरी फॉन्ट तसा सज्जन, पण दोन ओळींत ऐसपैस जागा घेऊन बसतो. माझ्या आवळलेल्या चाळीस ओळी त्याने सैल सोडल्या होत्या.

माझा राग मंगलवर नाही. बदली शिक्षक येतो, हजेरी घेतो, त्यात त्याचा काय दोष? पण दारावर पाटी मूळ मास्तरांचीच ठेवायची आणि कुणाला कळू द्यायचं नाही, हा सभ्यपणा मला पटत नाही. वर्डचा फुकट भाऊबंद लिब्रे ऑफिस निदान गैरहजर फॉन्टचं नाव तिरकं करून दाखवतं. वर्डमध्ये मात्र ऑप्शन्समध्ये शिरून, अ‍ॅडव्हान्स्डच्या तळघरात उतरून 'फॉन्ट सबस्टिट्यूशन'चं बटण दाबलं की मगच कोणाच्या जागी कोण बसलाय ते कळतं. तिथवर कोण जातं? मी गेलो. रात्री दीड वाजता, भाचीला फोनवर धरून.

मग हट्टाने फाइलचं पोट उघडून पाहिलं. डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, आतून झिपचं गाठोडंच. त्यात फॉन्टचं नाव होतं, फॉन्ट नव्हता. नावाशेजारी 'पॅनोज' नावाची दहा अंकांची पत्रिका : अक्षराची जात, जाडी, रुंदी वगैरे. म्हणजे स्थळ घरीच बसलंय आणि पत्रिका तेवढी गावभर फिरतेय! समोरचा संगणक ती बघून जवळचं स्थळ जुळवू शकतो. आमचं स्थळ कसं जुळलं ते ब्रह्मदेव जाणे.

इंग्रजीवाल्यांची सोय बरी आहे. टाइम्स न्यू रोमन नसेल तर लिबरेशन सेरिफ आहे, 2007 साली आलेला. चेहरा वेगळा, पण प्रत्येक अक्षराची रुंदी तंतोतंत तेवढीच, त्यामुळे ओळी जागच्या हलत नाहीत. कॅलिब्रीला असाच कार्लिटो. माझ्या देखण्या फॉन्टला असा जुळा भाऊ काही सापडला नाही.

अर्थात याहून वाईट दिवस पाहिलेत. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधली फाइल कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडली की 'मराठी'चं 'ईजेकेबीएच' व्हायचं, कारण आत खरोखर रोमन अक्षरंच असायची, वरून देवनागरीचा सदरा. आणि एका साहेबांच्या मेलमध्ये वाक्यावाक्याला एकटा 'जे' यायचा. मी बरेच दिवस तो त्यांच्या आडनावाचा समजत होतो. निघालं हसरं तोंड. विंगडिंग्ज फॉन्टमध्ये जेच्या जागी ते असतं. साहेब इतकी वर्षं माझ्याकडे बघून हसत होते आणि मी कोरड्याने उत्तरं देत होतो.

भाची म्हणाली, "फॉन्ट फाइलमध्येच घालून पाठवा ना, सेव्हच्या पर्यायांत खूण करायची." केली. पाठवली. पुन्हा मंगल. काही फॉन्टच्या आतच 'मला कुणाबरोबर पाठवू नये' असा परवान्याचा शेरा असतो, माझा नेमका त्यातला. प्रोग्रॅमने हेही सांगितलं नाही.

"मग सरळ मंगलमध्येच करा की."

केलं. समास आणखी चोरायला उरलाच नव्हता. पत्ता, शिक्षण, अनुभव यांतलं काही काढवेना. रात्री अडीचला एकच ओळ काढली आणि बायोडेटा एका पानात आला.

आता मला छंद नाही.