‘एक फोन केला असता तर?’ – रोमान्स कॉमिक्सवरच्या कमेंटला उत्तर

एवढी मोठी कमेंट टाकलीत, तर नुसतं धन्यवाद म्हणून सोडणं बरं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जुन्या अमेरिकन रोमान्स कॉमिक्समध्ये सगळं एका फालतू गैरसमजावर चालतं, तिला तो दुसऱ्या मुलीबरोबर दिसतो, ही रडत निघून जाते, शेवटी कळतं की ती त्याची बहीण होती, मग मिठी. एक फोन केला असता तर पहिल्याच पानावर मिटलं असतं. आणि ‘दुसरी संधी’ म्हणजे दरवेळी मुलीनेच नमतं घ्यायचं. पुरावा म्हणून तुम्ही पॉप आर्टवाल्या रॉय लिक्टेनस्टाईनचं, कॉमिकवरून केलेलं ते बुडणाऱ्या मुलीचं पेंटिंग दिलंय.

आधी पेंटिंगचंच घेतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. ते १९६३ चं, न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात आहे. ज्या पॅनलवरून (कॉमिकमधल्या चौकटीवरून) ते उचललं ते ‘सीक्रेट हार्ट्स’ या रोमान्स कॉमिकच्या ८३ व्या अंकातलं (१९६२), टोनी अब्रुझोने काढलेलं. मूळ चित्रात मागे होडी उलटलीय, होडीला धरून मुलीचा बॉयफ्रेंड मॅल लटकलाय, आणि मुलीला पेटका आलाय असं बलूनमध्ये चक्क लिहिलंय. म्हणजे जीव धोक्यात, माणूस हाकेच्या अंतरावर, तरी ही म्हणते बुडेन पण मॅलला हाक मारणार नाही! लिक्टेनस्टाईनने होडी उडवली, पोरगा उडवला, पेटका उडवला, मॅलचा ब्रॅड केला. उरली काय तर उगाच अश्रू ढाळत बसलेली एक बाई, आणि मग लाखो लोकांनी ते बघून ठरवलं की या कॉमिक्समधल्या पोरी अशाच बावळट. अहो ती हट्टी आहे, बावळट नाही.

आता फोन. या कॉमिक्स सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, अमेरिकेत जेमतेम निम्म्या घरांत फोन होता, आणि त्यातल्या कितीतरी घरांत पार्टी लाईन, म्हणजे एकाच लाईनवर चार घरं, तुम्ही ‘ती कोण होती?’ विचारायचं आणि शेजारच्या काकू ऐकणार. बरं फोन असला तरी, मुलीने आपणहून मुलाला फोन करायचा नाही हा शिष्टाचार होताच. साखरपुडा झालेला नाही, मग विचारायचं कुठल्या हक्काने? विचारलं म्हणजे आपलं प्रेम आधी कबूल केलं. या मुली न विचारता निघून जातात ते त्यामुळे. मला तरी त्यात लेखकाचा आळस दिसत नाही.

आणि एक बघा, या गोष्टी बहुतेक ‘मी’ने सांगितलेल्या असतात. कॅप्शन तिचं, चित्र मात्र आपल्यासमोर. ती लिहिते ‘त्याला माझी पर्वाच नव्हती’ आणि त्याच पॅनलमध्ये मागे त्याचा चेहरा पडलेला आपल्याला दिसतो. हे कॉमिक्सलाच जमतं, आणि सात-आठ पानांत उरकतं. तुम्ही आपल्या टीव्ही मालिकांशी तुलना केलीत, तिथे तोच गैरसमज सहा महिने पुरवून वापरतात.

नमतं घेण्याच्या मुद्द्यावर मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे. हे रोमान्स कॉमिक्सचं प्रकरण सुरू केलं जो सायमन आणि जॅक कर्बीने, कॅप्टन अमेरिका काढणारी तीच जोडी. १९४७ चा ‘यंग रोमान्स’, प्रकाशकाशी नफ्यात निम्मा वाटा ठरवून काढलेला, पहिल्या अंकाच्या ९२ टक्के प्रती खपल्या म्हणतात. मग जो तो प्रकाशक प्रेमात पडला. लिहिणारे बहुतेक पुरुषच, ‘मी एक मुलगी’ म्हणून. पण सगळ्या नायिकांना एकाच मापाने मोजू नका. सेंट जॉन कंपनीच्या अंकांत डॅना डचने लिहिलेल्या गोष्टी बघा, चित्रं बऱ्याचदा मॅट बेकरची (त्या काळातला कृष्णवर्णीय चित्रकार, काय रेषा आहे त्याची!). तिथल्या मुली चुकतात, चुकीच्या पोराच्या नादी लागतात, भानावर येतात आणि पुढे जातात, त्यांना कोणी गुडघ्यावर आणत नाही.

तुम्ही म्हणता तो साचा पक्का झाला तो १९५४ च्या कॉमिक्स कोडनंतर, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेल्या सेन्सॉरच्या नियमांनंतर. प्रेमकथेत घराचं महत्त्व आणि लग्नाचं पावित्र्य ठसवायचं, घटस्फोट हवाहवासा दाखवायचा नाही, आईवडिलांचा आदर वाढीला लावायचा, हे कोडमध्ये लिहूनच दिलेलं. आता शेवट आधीच ठरलेला असेल तर मुलगी दुसरं करणार काय? परतच येणार. पूर्वी ‘त्याला आणखी एक चान्स द्यावा का’ हा तिचा निर्णय असू शकायचा, नंतर ते पाठ केलेलं उत्तर झालं. गंमत म्हणजे ‘यंग रोमान्स’ असाच रेटत डीसी या दुसऱ्या प्रकाशकाकडे जाऊन १९७५ पर्यंत चालला.

तुम्ही वाचलेले अंक साठच्या दशकातले दिसतायत, त्यामुळे तुमचा वैताग समजतो. कोडच्या आधीचे सेंट जॉनचे बरेच अंक डिजिटल कॉमिक म्युझियम या वेबसाइटवर फुकट आहेत, ‘टीन-एज रोमान्सेस’पासून सुरू करा. कव्हरवर जाऊ नका, कव्हरवर सगळ्याच रडतात.