‘सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. मोबाइलच्या नोटिफिकेशनांवर वैतागून मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोन तुमचा, बोटंही तुमचीच, नको ते बंद करायला दोन मिनिटं लागतात, ते करायचं नाही आणि कंपन्यांच्या नावाने बोटं मोडत बसायचं. शिवाय फुकट ॲप हवं तर जाहिराती सोसा, आणि नोटिफिकेशनवर चुकून टॅप होतं हा तुमचा धांदरटपणा. शेवटी तुम्ही हिंजवडीत ॲप बनवण्याच्याच कामात आहात, हेही लिहिलंत. बरं झालं सांगितलंत, आता मोकळेपणी बोलता येईल.

आधी माझी चूक. ‘फोनवाल्यांनी आपल्या हातात काहीच ठेवलेलं नाही’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही ते बरोबर पकडलंत. अँड्रॉइड ८ मध्ये, म्हणजे २०१७ सालीच, चॅनेल्स, म्हणजे सूचनांचे वेगवेगळे कप्पे, आली आणि एकाच ॲपची ऑर्डरची सूचना चालू, ऑफरची बंद असं करता येऊ लागलं. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप टाकलं की सूचना पाठवण्याआधी त्याला परवानगी मागावी लागते. आयफोनवर तर ती आधीपासूनच मागावी लागते. रागाच्या भरात लिहिलेलं ते वाक्य मागे घेतो.

पण तुमचा सल्ला मी तुम्ही देण्याआधीच पाळून बसलो आहे. त्याचं काय झालं ते ऐका.

आमची सोसायटी धायरीत. गेटवर वॉचमनकडे टॅब असतो. पाहुणा आला की तो नाव आणि फ्लॅट नंबर टाकतो, आमच्या फोनवर ‘आत सोडायचं का?’ असं येतं, आपण ‘हो’ दाबायचं. सोय चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच ॲपवरून दिवसभर पेस्ट कंट्रोल, रंगकाम, सोफा धुऊन मिळेल, ‘तुमच्या शेजाऱ्यांनी घेतलं, तुम्ही कधी?’ हेही येत राहतं. एका रविवारी जेवून आडवा झालो होतो, तर अर्ध्या तासात तीनदा सोफा. उठलो आणि सेटिंग्जमध्ये गेलो. चॅनेल किती, तर एक. त्याचं नाव ‘मिसलेनिअस’, म्हणजे ‘इतर काहीबाही’. टाकलं बंद करून.

पुढच्याच शनिवारी साताऱ्याहून काका आले. पाऊस धो धो, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. त्यांच्या फोनने कात्रजच्या बोगद्याआधीच मान टाकलेली. वॉचमनने तीनदा टॅब दाबला आणि ‘रिस्पॉन्स येत नाही, काका’ म्हणून खुर्ची पुढे केली. इंटरकॉम आम्ही हे ॲप आल्यावर काढून टाकला होता, खर्च वाचतो म्हणून. वीस-पंचवीस मिनिटं ते पत्र्याखाली बसले. वर आल्यावर टॉवेल घेता घेता एवढंच म्हणाले, “तू घरातच होतास ना रे?”

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट तुम्हालाच सांगतो. ‘मिसलेनिअस’ हे नाव कोणी विचार करून ठेवत नाही. गूगलच्या फायरबेसमधून, म्हणजे ॲपवाले सूचना पाठवायला वापरतात त्या सेवेतून, सूचना पाठवताना चॅनेल नेमलं नाही, तर ती आपोआप या नावाच्या खोक्यात जाऊन पडते. म्हणजे गेटवरचा माणूस आणि सोफ्याची जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लिहायची तसदीसुद्धा कोणी घेतली नव्हती. अँड्रॉइडने कप्पे दिले हे खरं, पण कुठल्या कप्प्यात काय जायचं ते पाठवणारा ठरवतो. बटण आमच्या भिंतीवर आहे, वायरिंग तुमचं. देवघरातला दिवा आणि जिन्यातला हॅलोजन एकाच बटणावर जोडून दिलात, तर ‘बटण बंद करा की’ या सल्ल्याचा मला काय उपयोग?

याला निव्वळ आळस म्हणून सोडूनही दिलं असतं. पण दुसऱ्या एका ॲपात पाच चॅनेल्स आहेत, छान नावं दिलेली. त्यातलं ‘प्रमोशन्स’ मी बंद केलं. महिन्याभरात सेलच्या जाहिराती ‘अकाउंट अपडेट्स’मधून यायला लागल्या. हा आळस नव्हे.

एसएमएसची गंमत बघा. तिथेही छळ होताच, पण ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केले, १९०९ वर डीएनडी (‘जाहिराती नकोत’) नोंदवायची सोय झाली, आणि २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाला शेपूट लागलं: जाहिरात असेल तर पी, सेवेचा संदेश असेल तर एस, व्यवहाराचा टी, सरकारी जी. मेसेज न उघडता कळतं. ॲपच्या नोटिफिकेशनला ते डीएनडी लागू नाही. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्न्सचे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲप-वेबसाइटवरच्या युक्त्यांचे, १३ प्रकार जाहीर केले, त्यात ‘नॅगिंग’, म्हणजे पिच्छा पुरवणं, आहे. पण सोफेवाल्याला ते कोण वाचून दाखवणार?

फुकटचा मुद्दा लगेच संपवतो. गेटच्या ॲपचे पैसे आम्ही मेंटेनन्समधून भरतो.

राहिलं ते ‘चुकून टॅप होतं हा तुमचा धांदरटपणा’. बायकोचंही हेच मत आहे, त्यामुळे जपून लिहितो. अँड्रॉइड ५ पासून, २०१४ पासून, नवी सूचना वरून पट्टी होऊन उतरते. शोधायची चौकट, मागे जायचा बाण, हेही वरच. परवा वाण्याकडे पैसे देताना नाव शोधायला बोट निघालं, ते टेकायच्या आत मध्ये पट्टी आली आणि मी ‘तुमचं कर्ज मंजूर’च्या पानावर. मागे रांग. निघालेलं बोट मधेच थांबत नाही हो. उतरल्यापासून पहिला अर्धा सेकंद पट्टीने टॅप घेऊच नये, एवढं केलं तरी पुष्कळ होईल. हे अवघड आहे का, तुम्हीच सांगा.

तुमचं ॲप कुठलं ते विचारत नाही. त्यात चॅनेल्स किती आणि नावं काय, तेवढं मात्र खाली लिहा.

काका परवा पुन्हा आले होते. गेटपर्यंत आलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून फोन केला, “खाली ये, मला आत घे.”