एकदाच दाबून बघतो

मी माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ गाडी विकायला काढली आहे हे सोसायटीत कळलं, तेव्हा ‘का विकताय?’ असं कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, ‘मग आता एक चक्कर मिळेल का?’

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिसायला ही सरळमार्गी, बँकेच्या मॅनेजरने घ्यावी तशी गाडी. आत मात्र दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ पीएस ताकद, आणि शून्यापासून शंभरचा वेग ६.६ सेकंदांत. २०२० साली अशा फक्त २०० गाड्या भारतात आल्या. त्यातली एक कोथरूडच्या वाट्याला आली आणि बहुतेक आयुष्य दुसऱ्या गिअरमध्ये काढती झाली.

विकण्याचं कारण म्हणजे बाबांचे गुडघे. पुढच्या सीट खोल आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या. बाबांना त्यातून बाहेर काढायला दोन माणसं लागतात, आणि ती दोन्ही माणसं मीच असावं असा त्यांचा आग्रह असतो. हे खरं कारण मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एकालाही पटलं नाही. ‘ते झालंच हो, पण खरं काय?’ मग बाबा गॅलरीतून गुडघ्याचा पट्टा दाखवायचे. तरीही एक गृहस्थ म्हणालेच, ‘पट्टा काय, मेडिकलमध्ये कुठेही मिळतो.’

टेस्ट ड्राइव्ह या प्रकाराची खरी अडचण भूमितीची आहे. अशा गाडीला शंभरचा वेग गाठायला साधारण शंभर मीटर लागतात आणि तिथून थांबायला आणखी चाळीस. म्हणजे गिऱ्हाइकाला तिचा गुण दाखवायचा तर एकशे चाळीस मीटर मोकळा रस्ता हवा. कोथरूडमध्ये तेवढ्यात दोन गतिरोधक, एक भाजीची हातगाडी, उलट्या बाजूने येणारी एक दुचाकी आणि ‘मी तर माझ्या बाजूनेच चाललोय’ असा चेहरा केलेले एक आजोबा बसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्या गल्लीतला ज्याने केला त्याने यातला फक्त उंचीचा आकडा ऐकला असावा, आणि तो ‘कमीत कमी’ असा. त्यावरून गाडी तिरकी घ्यावी लागते. तिरकी घेतली की मागचे हॉर्न वाजवतात. अशा रीतीने २४५ पीएसचं प्रात्यक्षिक सुरू होतं.

तळमजल्यावरच्या वकीलकाकांनी मला आधीच गाठलं होतं. ‘हे बघ, गाडी कुणीही ठोकली तरी आरसीवर नाव तुझं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगून ठेवलंय, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी विकून पैसे घेतलेस आणि कागद बदलले नाहीत, तरी भरपाईला तूच. इथे तर अजून विकलेलीसुद्धा नाही. बिनलायसनच्या माणसाच्या हातात दिलीस तर पाच हजारांचा दंडही तुलाच. आणि त्याने घासली म्हणून तू विम्याचा क्लेम केलास, की तुझा नो क्लेम बोनस गेला.’ एवढं सगळं ऐकवून झाल्यावर काका किंचित खाकरले आणि म्हणाले, ‘मला देतोस का एक चक्कर?’ लायसनची मूळ प्रत त्यांनी खिशात घालूनच आणली होती.

त्यांच्या उपदेशावरून मी नियम केले. आधी लायसन, मग गाडी. गाडीत गिऱ्हाइकाबरोबर एकच माणूस. जाताना मी चालवणार, येताना ते. रस्ता मी ठरवणार: पौड रोड, चांदणी चौक, पाषाणच्या बाजूला हायवेने थोडं पुढे आणि परत. सगळ्यात महत्त्वाचा नियम किल्लीचा. ही गाडी बटणावर सुरू होते, किल्ली नुसती खिशात असली तरी पुरते. आणि एकदा सुरू झाली की किल्ली खाली उतरली तरी इंजिन चालूच राहतं, डॅशबोर्ड तेवढा कुरकुरतो. म्हणजे जागा बदलायला मी चालू गाडीतून उतरलो, तर गाडी गिऱ्हाइकासकट मुंबईला जाऊ शकते आणि माझ्याकडे उरते किल्ली. म्हणून आधी इंजिन बंद, मग दोघांनी उतरायचं, मी बसल्याशिवाय बटण नाही. एकाने दुखावून विचारलं, ‘विश्वास नाही का साहेब?’ म्हटलं, ‘आहे ना, म्हणून तर शेजारी बसतोय.’

लायसनच्या पहिल्याच नियमाला निम्मं गिऱ्हाईक गळलं. ‘दुसऱ्या पँटमध्ये राहिलं.’ ‘डिजिलॉकरमध्ये आहे, पण नेट नाही.’ एक मुलगा शिकाऊ लायसन घेऊन आला आणि ‘पप्पा घेणारेत’ म्हणाला. पप्पांना फोन लावला तर पप्पांना मुलगा क्लासला गेलाय एवढंच ठाऊक होतं. चार पोरं एकदम आली, त्यांतल्या दोघांना फक्त रील काढायची होती. त्यांना बाबांनी गॅलरीतूनच परतवलं.

मग आलं एक कुटुंब. काका, काकू, काकूंची बहीण. एकच माणूस हा नियम काकूंनी ‘आम्ही काय परके आहोत का?’ एवढ्यावर निकालात काढला आणि मागे बसून घेतलं. मग निघायच्या आधी पुन्हा खाली उतरून डिकी पाहिली. ही डिकी ५९० लिटरची आहे, आणि या गाडीची सर्वांत जास्त तारीफ कशाची झाली असेल तर तिची. ‘कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या किती राहतील?’ असं काकांनी विचारलं. ‘जाताना सामान काय डोक्यावर घ्यायचं?’ असं काकूंनी विचारलं. हा वाद चांदणी चौकापर्यंत पुरला. परतीला काकांनी स्टिअरिंग हातात घेतलं आणि हायवेवरून गाडी तिशीत चालवली. शेजारून उसाचा ट्रॅक्टर पुढे गेला. गाडीत सात गिअर आहेत, काकांनी वरच्या तिघांवर अजिबात भार टाकला नाही. घरी येऊन म्हणाले, ‘पिकअप बरा आहे. ॲव्हरेज?’ मी म्हटलं, गावात आठ-नऊ. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. काकू उतरल्या होत्या.

पण माझं आयुष्य कमी केलं ते एका अतिशय सज्जन माणसाने. गळ्यात हिंजवडीतल्या कंपनीचं कार्ड, दर वाक्याला ‘सर’, लायसन न मागता पुढे केलं, बूट पुसून आत बसला. आरसे नीट केले, सीटबेल्ट लावला, इंडिकेटर दिला. मला वाटलं, हाच. पाषाणहून परत वळून हायवेला लागलो, समोरचा ट्रक डावीकडे गेला, मोकळा पट्टा दिसला आणि तो हळूच म्हणाला, ‘सर, एकदाच दाबून बघतो.’

हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. ते विनंतीच्या सुरात येतं, पण ऐकू येईपर्यंत पाय दाबलेला असतो. आधी अर्धा क्षण काहीच होत नाही. गिअरबॉक्स दोन-तीन पायऱ्या खाली उतरतो, इंजिन घसा साफ करतं. मग कुणीतरी सीटच्या मागून आपल्याला आत ओढून घेतं. उजवीकडे बसलेल्या माणसासाठी हा आनंद आहे. डावीकडे ब्रेक नसतो. डावीकडच्याने दोन्ही हातांनी वरचं हँडल धरायचं आणि पायाखालच्या मॅटवर ब्रेक मारायचा, तो मी जिवाच्या आकांताने मारला. ‘अहो... अहो!’ एवढंच तोंडातून निघालं. आपली भाषा संकटात फार सभ्य होते.

त्याने वेग कमी केला, इंडिकेटर देऊन डावीकडे आला आणि पुन्हा तसाच सज्जन झाला. घराखाली उतरताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘सर, अप्रतिम गाडी आहे. आमचं इलेक्ट्रिक बुक झालंय. त्याआधी एकदा हे करायचं होतं.’ माझ्या पेट्रोलवर त्याने पेट्रोलचा निरोप घेतला.

विकली गेली ती भोसरीला वर्कशॉप असलेल्या एका वाळक्या गृहस्थांना. त्यांचा आदल्या रात्री फोन: ‘सकाळी साडेसहाला येतो. मी यायच्या आत गाडी चालू करू नका.’ आले, नमस्कार न करता तळवा बॉनेटवर ठेवला. गार आहे म्हटल्यावर नमस्कार केला. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना खरं बोलतं, गरम केल्यावर सगळीच गोड बोलतात, असं त्यांचं म्हणणं. टायरवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायर एकाच वयाचे आहेत ना, ते पाहिलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरची तारीख पाहिली, कारण मोठा अपघात झालेल्या गाडीचे बेल्ट बदललेले असतात. एवढं झाल्यावर मी इंजिन बंद करून किल्लीचं भाषण सुरू केलं, तर म्हणाले, ‘तुम्हीच चालवा.’

‘तुम्हाला नाही चालवायची?’

‘मी चालवली तर मला आवडेल. मग भाव कसा करू?’

ते डावीकडे बसले, काच खाली केली आणि डोळे मिटले. भिंतीच्या कडेकडेने घ्यायला सांगितली, आवाज परत ऐकू येतो म्हणून. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून तीनदा नेली. तो गतिरोधक कुणाच्या तरी कामाला आलेला मी पहिल्यांदा पाहिला. चाळिसाच्या पुढे त्यांनी जाऊच दिलं नाही. ६.६ सेकंदांबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं.

वर येऊन चहा झाला. गाडी नावावर करायचे अर्ज, नमुना २९ आणि ३०, त्यांनी स्वतःच भरून आणले होते, फक्त रकमेची बोलणी राहिली होती. बाबा शेजारी बसून गुडघ्याचा पट्टा ठळकपणे दिसेल अशा बेताने पाय पुढे करून होते. त्यांना वाटलं, आता कारण विचारतील. गृहस्थांनी कारण विचारलं नाही. मोबाइल काढला आणि गाडीच्या नंबरावर चलन शोधलं. निघालं. वेगमर्यादा ओलांडल्याचं, दोन हजारांचं. त्याचा मेसेज आरसीला जोडलेल्या नंबरावर, म्हणजे बाबांच्या मोबाइलवर आला होता, आणि अनोळखी मेसेज उघडायचे नाहीत हा सल्ला बाबा मनापासून पाळतात.

चलनाबरोबर फोटो होता. गाडी समोरून, अगदी स्वच्छ. चालवणारा प्रसन्न. शेजारचा माणूस दोन्ही हात वर, तोंड उघडं.

त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग माझ्याकडे पाहिलं. ‘डावीकडचे तुम्हीच ना?’

मी हो म्हटलं.

‘मग हे दोन हजार वजा,’ ते म्हणाले आणि हिशेबाच्या कागदावर लिहून घेतलं. पेन खाली ठेवता ठेवता थांबले. ‘आणि ती डावीकडची मॅट फाटलीय, बरोबर टाचेखाली. तिचे किती लावू?’