मोफत धान्य दिलं, पण यादी जुनीच
एका लेखात म्हटलंय की कोविडमधे मोफत धान्यामुळे गरिबांच्या चुली पेटत राहिल्या, ते खरंच आहे, एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो जादा मिळालं. पण मिळालं कुणाला? ज्यांचं नाव अन्न सुरक्षा यादीत होतं त्यांनाच. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं कार्ड केशरी, कामं सगळी बंद, दुकानदार म्हणाला यादीत नाव नाही, मग मे महिन्यात राज्याने केशरीवाल्यांना गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने द्यायला घेतला तेव्हा कुठे पिशवी भरली, तीही पैसे मोजून. परप्रांतीय मजुरांचे हाल तर विचारूच नका, एक देश एक रेशनकार्ड (म्हणजे एकाच कार्डावर कुठल्याही राज्यात धान्य) सगळ्या राज्यांनी लागू करा हे सुप्रीम कोर्टाला जून २०२१ मधे सांगावं लागलं, म्हणजे पहिल्या लॉकडाऊनला वर्ष उलटून गेल्यावर! मूळ दुखणं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ९ मधे आहे, कोटा, म्हणजे किती लोकांना यादीत घ्यायचं तो आकडा, जनगणनेवर ठरतो आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडा २०११ च्या जनगणनेवरच अडकलाय. अंदाजित लोकसंख्या धरून केंद्राने कोटा वाढवायला हवा, आणि तो साथ नसताना, आत्ताच.