प्रवरानगर ‘आशियातलं पहिलं’ नाही, आणि ‘ओसाड माळावर एकट्या माणसाने’ तर मुळीच उभं केलेलं नाही

लोणी-प्रवरानगरबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांच्या जयंतीला आणि पुण्यतिथीला तो हमखास येतो, आणि स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येही थोड्याफार फरकाने तोच असतो. त्याचा गोषवारा असा: आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला निघाला, त्याआधी तिथे ओसाड माळ होता, एका कमी शिकलेल्या शेतकऱ्याने, म्हणजे विठ्ठलरावांनी, एकट्याच्या हिमतीवर तो उभारला, आणि त्या दिवसापासून सगळा मुलूख सुखी झाला.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) या शेतकरी गावांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हा मजकूर खटकतो. कौतुकाच्या भरात तो या भागाचा खरा वारसा पुसून टाकतो.

‘आशियातला पहिला’ यापासून सुरुवात करू, कारण हे सर्वात लवकर निकाली निघतं. आंध्रातल्या एटिकोप्पाका या गावी ऊस उत्पादकांची सहकारी संस्था 1933 मध्येच स्थापन झाली होती आणि तिने साखर कारखाना चालवला. लाखकामाच्या लाकडी खेळण्यांसाठी आज ओळखलं जातं, तेच हे गाव. त्याच सुमारास उत्तर प्रदेशात बिसवानलाही असा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. प्रवरेच्या कारखान्याची नोंदणी 1948 ची आणि पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. मधे दीड दशकाहून जास्त अंतर आहे. पूर्ण आशियाचं तर सोडाच, भारतातलाही हा पहिला नव्हे.

मग प्रवरेचं वेगळेपण काय? तो महाराष्ट्रातला पहिला होता, आणि ज्याचं पाहून दुसऱ्यांनी कारखाने काढले असा पहिला होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत कोपरगाव, राहुरी, माळेगाव, वारणा, कृष्णाकाठ असे एकामागून एक कारखाने निघाले. दैनिक 500 टन गाळपाच्या एका लहानशा कारखान्याने राज्याच्या ग्रामीण अर्थकारणाचा साचा ठरवला, ही गोष्ट ‘आशियात पहिला’पेक्षा कितीतरी मोठी आहे. खरी गोष्ट एवढी मोठी असताना खोट्या बिरुदाची गरजच काय, हे मला कळत नाही.

आता ‘ओसाड माळ’. इथे थोडं थांबावं लागेल, कारण या भागाची जुनी स्मारकं नेमकी या दोन शब्दांखाली गाडली गेली आहेत.

प्रवरेचं पाणी शेतात आलं ते कारखान्याच्या कितीतरी आधी. संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवा काढण्याचं काम एकोणिसाव्या शतकातच झालं होतं. 1876-77 चा दुष्काळ आणि शतकाच्या शेवटचे लागोपाठचे दुष्काळ यांनी दख्खन पिळून निघाल्यावर सरकारने 1901 मध्ये सिंचन आयोग नेमला, आणि दुष्काळाशी झुंजणाऱ्या मुलखासाठी मोठी धरणं बांधायचं ठरलं. भंडारदरा त्यातलंच. अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ 1910 मध्ये काम सुरू झालं आणि 1926 मध्ये पुरं झालं. दगडी बांधकाम, उंची 270 फूट, म्हणजे जवळपास 82 मीटर. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणत. पाणी साठलं डोंगरातल्या अकोल्यात आणि पिकलं खालच्या सपाटीवर, हा हिशोबही विसरू नये.

पाटाचं पाणी आलं तसे लोक आले. सासवडचे माळी बागायतीत मुरलेले. नीरेच्या कालव्यावर त्यांनी ऊस करून दाखवला होता. तिथून ते गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर उतरले. जमीन खंडाने घ्यायची, पेंडीचं खत घालून आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस करायचा, गुऱ्हाळ लावून गुळाच्या ढेपा बाजारात न्यायच्या, असा त्यांचा धंदा. नव्या मुलखात घरदार हलवून वसणारे, हातचं कसब बरोबर आणणारे हे खरे पहिले वसाहतकरी. त्यांच्यातल्याच काहींनी 1932 मध्ये अकलूजजवळ माळीनगरला स्वतःच्या भागभांडवलाची कंपनी काढून साखर कारखाना उभारला. म्हणजे शेतकऱ्यांनी मालकीने कारखाना काढण्याचा पायंडाही प्रवरेच्या आधीचा आहे, फक्त तो सहकारी नव्हता.

आणि प्रवरेच्या पाटावर खासगी कारखाने तर होतेच. हरेगावला बेलापूर कंपनी 1920 च्या दशकापासून ऊस गाळत होती. टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स 1933 ची. 1932 मध्ये साखरउद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं आणि देशभर कारखान्यांची रीघ लागली. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या. स्वतःच्याच रानात मजुरी करण्याची वेळ अनेकांवर आली. ज्यांच्याकडे जमीन उरली ते गुळाच्या पडत्या भावात आणि सावकाराच्या वहीत अडकले होते. विठ्ठलरावांना राग होता तो या परिस्थितीचा. ‘ओसाड माळ’ म्हटलं की हा सगळा संघर्ष गायब होतो. पाणी होतं, ऊस होता, कारखाना होता. फक्त त्यातला नफा ज्याच्या रानात ऊस पिकला त्याच्याकडे येत नव्हता.

‘एकट्याने’ हा शब्द तर स्वतः विठ्ठलरावांनी मान्य केला असता असं मला वाटत नाही. त्यांची पहिली मोठी कामगिरी कारखाना नव्हे. 1923 मध्ये लोणी बुद्रुकला त्यांनी काढलेली सहकारी पतपेढी ही. सावकाराच्या जोखडातून सुटायचं तर आधी आपलंच कर्ज आपण उभं केलं पाहिजे, हे त्यांना पंचवीस वर्षं आधी उमगलं होतं. एका गावच्या सोसायटीपासून कारखान्यापर्यंत मधली पावशतकाची वाट आहे, आणि त्या वाटेवर माणसं बरीच आहेत.

धनंजयराव गाडगीळ त्यातले सर्वात महत्त्वाचे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. 1945 च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, दख्खन कालव्यांवरच्या बागाइतदारांची परिषद भरली तिचे ते अध्यक्ष होते. सहकारी कारखान्याची कल्पना तिथे आकाराला आली. पुढे कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले, आणि उपाध्यक्ष विठ्ठलराव. पहिली दहा-एक वर्षं हीच जोडी होती. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी होते. सहकारी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस अर्थखात्यात असणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. 1948 मध्ये नव्यानेच निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं. आणि गावोगाव भाग घेणारे शेतकरी होते, ज्यांच्यापुढे सहकारी कारखान्याच्या नफ्याचं एकही जवळचं उदाहरण नव्हतं.

यामुळे विठ्ठलराव लहान होत नाहीत. पुण्याच्या अर्थतज्ज्ञाला लोणीच्या शेतकऱ्यांशेजारी दहा वर्षं बसवून ठेवणारा माणूस लहान कसा असेल? त्यांचं मोठेपण माणसं जोडण्यात होतं. त्यांना एकटं उभं करणारा मजकूर नेमका तोच गुण काढून घेतो.

उरलं ‘सगळा मुलूख सुखी झाला’. सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन हवी आणि जमिनीला पाटाचं पाणी हवं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ते मालक झाले नाहीत. फडात ऊस तोडायला पाथर्डीहून आणि बीडकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, येत राहिले. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी सहा महिने पालात राहते, हे आजही थांबलेलं नाही. पाटाखालच्या भारी काळ्या जमिनी निचऱ्याअभावी पाणथळ आणि क्षारपड झाल्या, आणि तो प्रश्न तर कारखान्याहून जुना आहे. खंडाने गेलेल्या जमिनींची कथा आणखी लांबली: 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनी काढून घेतल्या, पण त्या मूळ मालकांकडे न जाता 1963 मध्ये निघालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. त्या परत मिळवण्यासाठी खंडकरी, म्हणजे जमीन खंडाने दिलेल्या, शेतकऱ्यांच्या पिढ्या लढल्या. शाळा, दवाखाने, महाविद्यालयं या कारखान्याच्या जिवावर झाली हे खरंच आहे, आणि ते मोलाचं आहे. पण ‘सगळा मुलूख’ म्हणताना यातल्या कोणाला वगळतो आहोत ते तरी पाहावं.

या भागात ‘पाहायला एक कारखाना सोडून काय आहे’ असंही कोणी कोणी याच मजकुराखाली लिहितं. त्यांनी भंडारदऱ्याची भिंत आणि ओझरचा बंधारा पाहावा. श्रीरामपूरच्या स्टेशनावर उतरून पाटी वाचावी: शहराचं नाव बदललं, पण 1878 च्या दौंड-मनमाड मार्गावरचं हे स्टेशन अजून ‘बेलापूर’च आहे. हरेगावला जावं. कंपनीचं गाळप केव्हाच थांबलं, पण दर सप्टेंबरला तिथे मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, यात्रा भरते आणि लांबलांबून माणसं येतात. याच हरेगावला 1939 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार वतनदारांची, म्हणजे पिढीजात गावकी करणाऱ्यांची, परिषद झाली होती. साखरेच्या गावाचा हा इतिहास ‘आशियात पहिला’वाल्या एकाही मजकुरात मला आजवर दिसलेला नाही.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर त्यात एवढे बदल करा: ‘आशियातील’च्या जागी ‘महाराष्ट्रातील’, ‘ओसाड माळ’ काढून ‘प्रवरेच्या पाटावरचे कर्जबाजारी बागाइतदार’, ‘एकट्याने’ काढून गाडगीळ आणि मेहता यांची नावं, आणि 1948 च्या आधी 1923 ची लोणी बुद्रुकची पतपेढी.