‘भारतात टाइमझोन एकच, मग यूटीसी कशाला?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

कोड लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक चित्र फिरतंय. निळी पार्श्वभूमी, वर ‘तारखांचा घोळ कायमचा संपवा’ असा मथळा, खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘प्रत्येक भारतीय डेव्हलपरपर्यंत पोचवा’. दोन-तीन ग्रुपांतून आलं तेव्हा मी पुढे सरकले. अशी चित्रं रोज येतात, सगळ्यांशी भांडायला बसलं तर जेवायला उठता येणार नाही. पण परवा ते माझ्या भाचीच्या कोडमध्येच दिसलं. ती इथे पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कोथरूडच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यासाठी लसीकरणाच्या नोंदींचं वेब ॲप बनवतेय. मी विचारलं, हे असं का केलंस? तर म्हणाली, “मावशी, सगळे हेच सांगतायत.”

सगळे काय सांगतायत ते आधी थोडक्यात. एक, भारतात टाइमझोन एकच आहे, यूटीसी (जगाची प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) हे अमेरिकी खूळ आहे, सर्व्हरचं घड्याळ आयएसटीवर (भारतीय प्रमाणवेळेवर) ठेवा. दोन, तारीख दिवस/महिना/वर्ष अशी साध्या मजकुरातच साठवा, ‘जे दिसतं तेच साठतं’. तीन, दाखवताना जावास्क्रिप्टचं टू-लोकेल-स्ट्रिंग (ब्राउझरच्या भाषेप्रमाणे तारीख लिहिणारं फंक्शन) लावा, बाकी ब्राउझर बघून घेईल. चार, वेळ एएम-पीएममध्येच दाखवा, २४ तासांचं घड्याळ सैन्यासाठी. पाच, शक्यतो तारीख दाखवूच नका, ‘३ दिवसांपूर्वी’ असं लिहा. आणि तळाला टीप: अडलंच तर मोमेंट ही तारखांची तयार लायब्ररी टाका.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांनी डोकेदुखी होते, याने पोराची लस चुकते.

समजा बाळाचा जन्म ५ जून २०२५ चा. फॉरवर्डच्या सल्ल्याप्रमाणे कॉलममध्ये मजकूर साठला ‘०५/०६/२०२५’. दिसायला निर्मळ. आता सहा आठवड्यांच्या डोसची तारीख काढायची, म्हणजे हा मजकूर तारीख वाचणाऱ्या जावास्क्रिप्टच्या डेटला द्यावा लागणार. आणि तिरक्या रेघांची तारीख क्रोम अमेरिकी पद्धतीने वाचतो: आधी महिना. पाच जूनचा झाला सहा मे. सहा आठवडे मोजले की खरी तारीख येते १७ जुलै, ॲप सांगतं १७ जून. म्हणजे बारा दिवसांच्या बाळाच्या आईला सहा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीसाठी या असा निरोप. हे निदान डॉक्टरांच्या लगेच लक्षात येईल. उलटं झालं तर? ६ मे रोजी जन्मलेलं बाळ, मजकूर ‘०६/०५/२०२५’, ॲपने वाचलं ५ जून. डोस हवा १७ जूनला, आठवण जाणार १७ जुलैला. दिसायला शहाणी तारीख, त्यामुळे कुणाला शंकाही येणार नाही. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात हे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, चार-चार आठवड्यांच्या अंतराने. पहिलाच एक महिना सरकला की पुढची सगळी साखळी सरकते.

“पण मी टेस्ट केलं होतं,” भाची म्हणाली. केलं असणारच. तिने टेस्टला २५ तारीख घेतली होती. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ब्राउझरने ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणून हात वर केले, आणि तिने तेवढ्यापुरती दुरुस्ती केली: तारीख अवैध आली तर दिवस-महिना उलटवून पुन्हा वाच. हाच सापळा आहे. महिन्याच्या १ ते १२ या तारखांना ब्राउझर तक्रारच करत नाही. त्यातली ५/५, ६/६ अशी जुळी तारीख सोडली तर दर महिन्याला ११ आणि वर्षाला १३२ तारखा अशा, की ज्या मुकाट्याने चुकीच्या वाचल्या जातात. उरलेल्या तारखा ओरडतात, म्हणून त्या दुरुस्त होतात. या १३२ ओरडत नाहीत.

शिवाय क्रम. मजकूर म्हणून लावला तर ‘०३/०१/२०२६’ हा ‘१५/११/२०२५’ च्या आधी येतो, कारण शून्य एकाच्या आधी. ‘या आठवड्यात येणारी बाळं’ ही यादी काढा बघू यातून. आणि मजकुराच्या कॉलमला ३१ जून चालतो, ३० फेब्रुवारी चालतो, ‘पुढच्या सोमवारी’ पण चालेल. पोस्टग्रेस या डेटाबेसचा साधा डेट कॉलम ३१ जून घेतच नाही. एवढं आयतं राखणदार डेटाबेसने दिलेलं असताना ते काढून टाकायचं आणि त्याला सोपेपणा म्हणायचं, हे माझ्या आकलनापलीकडचं आहे.

‘जे दिसतं तेच साठतं’ हे वाक्य तर मुळातच उलटं आहे. साठवणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ब्राउझरमधली साधी तारखेची पेटी बघा. वापरणाऱ्याला ती त्याच्या भाषेप्रमाणे दिवस आधी दाखवेल नाहीतर महिना आधी, पण कोडच्या हाती नेहमी वर्ष-महिना-दिवस असंच मूल्य येतं: २०२५-०६-०५. एचटीएमएलचं मानक तसं सांगतं. हा क्रम आला आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकामधून, जे १९८८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, आणि इंटरनेटसाठी तो आवळून बांधला जुलै २००२ च्या आरएफसी ३३३९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने. हा दस्तऐवज छोटासा आहे आणि फुकट वाचता येतो. त्यात वर्ष चार आकडी का, मोठं एकक आधी का, असं लिहिल्याने साधा मजकूरही कालक्रमाने कसा लागतो, हे सगळं आहे. पाच मुद्द्यांचं चित्र बनवणाऱ्याने तेवढा वाचला असता तर चित्र बनलं नसतं. आणि हे अमेरिकी खूळ आहे म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकी पद्धत महिना आधी लिहायची आहे, म्हणजे नेमकी ती, जिच्यात तुमचा सल्ला जाऊन पडतो. वर्ष-महिना-दिवस हा क्रम भारतीय मानक ब्युरोनेही आयएस ७९०० या मानकात स्वीकारलेला आहे.

आता पहिला मुद्दा, आणि इथे नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतं. जन्मतारखेला यूटीसी नको, हे खरं आहे. ‘सगळं यूटीसीत टाका’ हा मंत्र डोळे मिटून जपणारेही कमी नाहीत, आणि त्यांचा गोंधळ वेगळ्या जातीचा. कॅलेंडरवर ५ जून निवडला की बऱ्याच कॅलेंडर लायब्रऱ्या ‘५ जून, रात्री शून्य वाजता, भारतीय वेळ’ असा क्षण हातात देतात. त्यावर टू-आयएसओ-स्ट्रिंग (क्षण यूटीसीत लिहून देणारं फंक्शन) चालवलं की साडेपाच तास वजा होऊन तो ४ जूनचा १८:३० होतो. पहिली दहा अक्षरं कापून डेटाबेसात टाकली की बाळ एक दिवस आधी जन्मलं. ‘तारीख एक दिवस मागे का येते’ हा प्रश्न भारतात ज्यांनी ज्यांनी वेब ॲप लिहिलंय त्यांना कधी ना कधी पडलेला आहे. जन्मतारीख हा क्षण नसतो, ती कॅलेंडरवरची एक चौकट असते. तिला वेळ नाही, टाइमझोन नाही. ती डेट कॉलममध्ये ठेवा आणि तिच्या वाटेला जाऊ नका.

पण नोंद केव्हा झाली, निरोप केव्हा गेला, पैसे केव्हा जमा झाले, हे क्षण आहेत. तिथे ‘सर्व्हर आयएसटीवर ठेवा, विषय संपला’ म्हणणारा सर्व्हर स्वतः चालवत नसावा. आज तुमचा कोड कुठल्यातरी कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या एका बंद डब्यात) धावतो, आणि डेटा सेंटर मुंबईत असलं तरी कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवरच असतं. कोडने आयएसटी गृहीत धरलं आणि सकाळी ८ ला आठवणीचे निरोप लावले की ते दुपारी दीडला जातात, तोवर दवाखान्याची सकाळची वेळ संपलेली असते. ‘आजच्या अपॉइंटमेंट’ ही यादी पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच दाखवते. मग कुणीतरी कोडमध्ये हाताने साडेपाच तास मिळवतं, दुसरं कुणीतरी सर्व्हरचं घड्याळ बदलतं, आणि अकरा तासांचा फरक पडला की दोघं एकमेकांकडे बघतात.

‘भारतात एकच टाइमझोन’ हेही म्हणावं तितकं सनातन नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ची, तरी मुंबईत ग्रीनिचपुढे ४ तास ५१ मिनिटांचा बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत रेंगाळला. महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं, आणि टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये ते नोंदलेलं आहे. म्हणून १९४३ ला जन्मलेल्या एखाद्या आजोबांची जन्मतारीख वरच्यासारखी क्षण म्हणून यूटीसीत गेली आणि कुणी ती हाताने साडेपाच मिळवून बाहेर काढली, की आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा वाजतात. पेन्शनचे फॉर्म भरून घेणाऱ्या ॲपवाल्यांनी करून बघावं. आणि आयएसटीची आजची व्याख्याच मुळी यूटीसी अधिक साडेपाच तास अशी आहे. यूटीसी नको म्हणणाऱ्याचं आयएसटी कशावर उभं आहे?

क्षण यूटीसीत साठवा, दाखवताना आशिया/कोलकाता हा टाइमझोन नावाने द्या. हाताने बेरीज-वजाबाकी नको. (क्रोम मात्र त्यालाच वर्षानुवर्षं आशिया/कलकत्ता म्हणत आलाय, त्यामुळे नावांची तुलना करून काही ठरवू नका.)

तिसरा मुद्दा, ब्राउझर बघून घेईल. बघून घेतो, पण प्रत्येक ब्राउझर आपापलं बघतो. दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर भाषा अमेरिकन इंग्रजी असते, कारण विंडोज टाकणाऱ्याने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ केलेलं असतं. तिथे टू-लोकेल-स्ट्रिंग ६/५/२०२५ दाखवतं. डॉक्टरांच्या फोनवर भारतीय इंग्रजी, तिथे ५/६/२०२५. तीच नोंद, तोच दिवस, दोन तारखा. कुणी फोन मराठीत ठेवला असेल तर अंकही देवनागरी येतात, हिंदीत ठेवला तर येत नाहीत. आणि वेळेचं त्याहून वाईट. बाळाचा बाबा दुबईला असेल आणि त्याने सकाळी १० ची अपॉइंटमेंट उघडली तर त्याला ८:३० दिसणार. तो घरी फोन करून साडेआठ सांगणार. दवाखाना कोथरूडला आहे, वेळ कोथरूडचीच दिसली पाहिजे, बघणारा कुठेही बसलेला असो.

उपाय कंटाळवाणा आहे. सगळ्या ॲपमध्ये तारीख दाखवणारं फंक्शन एकच, त्यात भाषा आणि टाइमझोन दोन्ही स्पष्ट दिलेले, आणि महिना आकड्यात नाही तर नावाने: ५ जून २०२५. भाचीच्या कोडमध्ये हे काम बारा ठिकाणी विखुरलेलं होतं आणि बाराही ठिकाणी किंचित वेगळं. ब्राउझरमधला इंटल नावाचा भाग हे सगळं करतो, वेगळं काही आणावं लागत नाही.

चौथा मुद्दा बराचसा चवीचा आहे. आपण बोलताना सकाळी ९, दुपारी ४ असंच म्हणतो, तेव्हा दवाखान्याच्या ॲपमध्ये तसंच दाखवा, मला हरकत नाही. फक्त सैन्याचं सांगू नका. रेल्वेच्या तिकिटावर २४ तासांचीच वेळ असते आणि पुणे स्टेशनवर आजी लोकही ती वाचतात. घोळ होतो तो १२ चा. ‘१२ एएम’ म्हणजे कधी, हे दहा जणांना विचारा. आणि आपल्या डोक्यात दिवस उजाडल्यावर बदलतो, त्यामुळे १६ तारखेची ००:१० ची गाडी पकडायला लोक १६ च्या रात्री निघतात. म्हणून मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असेल तिथे वाराचं नावही लिहा: ‘१५ च्या रविवारी रात्री, १२ वाजून १० मिनिटांनी (सोमवार १६)’. लांब होतं, होऊ द्या.

पाचवा, ‘३ दिवसांपूर्वी’. गप्पांच्या ॲपला ठीक. पण लसीच्या नोंदीचा आई स्क्रीनशॉट काढते आणि शाळेत प्रवेशाच्या वेळी तोच दाखवते. त्यावर ‘काल’ असं लिहिलेलं असेल तर काय करायचं? याच फॉरवर्डवर तारीख नाही, म्हणून ते कधीचं आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

तळटिपेवरून मात्र थोडा अंदाज लागतो. मोमेंट नव्या प्रकल्पात घेऊ नका, असं ती बनवणाऱ्यांनीच सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलंय. जुन्या ॲपमध्ये असेल तर असू दे. नव्याला तारीख-वेळेसाठी जावास्क्रिप्टचं स्वतःचं टेम्पोरल येतंय, फायरफॉक्समध्ये ते मे २०२५ पासून आहे. त्यात नुसत्या तारखेसाठी प्लेन-डेट आणि क्षणासाठी इन्स्टंट असे वेगळे प्रकार आहेत, त्यामुळे जन्मतारीख चुकून यूटीसीत जायची वाटच उरत नाही. सगळ्या ब्राउझरांचा भरवसा येईपर्यंत पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारा कोड) लावा. आणि ज्यांनी मजकुरातल्या तारखा आधीच साठवून ठेवल्यात त्यांनी कॉलम बदलण्याआधी १ ते १२ तारखांच्या नोंदी वेगळ्या काढून कागदी कार्डांशी ताडून बघाव्यात. कोणत्या उलटल्यात हे डेटाबेसला विचारून कळणार नाही.