मराठी लिहिता आणि हिंदी ऐकवता, बंद करा हे!

गेले तीन रविवार माझे एकाच कामात गेले. वेबपान मोठ्याने वाचून दाखवणारं एक धड एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सोय, शोधायचं. माझ्यासाठी नाही, आईसाठी. वय ७९, मधुमेहाने दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं तिने. सकाळचा अग्रलेख चुकला की दिवसभर चुकचुकत असते.

जे उघडावं त्याच्या पानावर ठळक अक्षरांत: ५०हून अधिक भाषा. यादीत मराठी असतेच. लावलं, बटण दाबलं, आणि कानावर काय आलं? 'हलदीचे दर कोसलले.' पुढच्या बातमीत 'डोल्यांची कालजी'. ३९ आकडा आला की 'उनतालीस'. अहो, एकोणचाळीस! आईने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "अरे, हा हिंदीवाला आहे. ह्याला कुठे येतंय मराठी?" तिला दोन वाक्यांत कळलं. बनवणाऱ्यांनी एकदा तरी कुणा मराठी माणसाला ऐकवून बघितलं असतं तर त्यांनाही कळलं असतं.

आणि नुसता ळ नाही. 'जगात काय चाललंय' मधला ज वेगळा, 'शंभर वर्षं जग' मधला वेगळा. 'चार माणसं' मधला च एक, गुरांच्या चाऱ्यातला दुसरा. हिंदी आवाजाला हा दुसरा उच्चार ठाऊकच नाही. 'जरा थांबा' असं लिहिलेलं असतं आणि तो म्हातारपणाची जरा ऐकवतो. लहानपणी असं वाचलं असतं तर आईने परत वाचायला लावलं असतं. आता तिनेच हे मुकाट ऐकायचं?

मी खोदत गेलो तेव्हा कळलं की यातल्या कितीतरी एक्स्टेंशनांकडे स्वतःचा आवाजच नसतो. पानावरचा मजकूर उचलायचा आणि ब्राउझर किंवा विंडोजमध्ये जो आवाज असेल त्याच्या हवाली करायचा, एवढंच त्यांचं काम. तिथे मराठीचा, म्हणजे 'एमआर-आयएन' खुणेचा आवाज नसला की देवनागरी दिसली म्हणून हिंदीला पुढे करतात. मग यादीत मराठी कशाला लिहिता? 'मराठी आवाज तुमच्या यंत्रात असेल तरच' एवढं लिहायला काय जातं?

आपल्या मराठी संकेतस्थळांनाही सोडणार नाही मी. पान अख्खं मराठी, आणि आत कोडमध्ये भाषा इंग्रजी ठेवलेली! मग इंग्रजी आवाज सुरू होतो, देवनागरी सगळी गाळतो आणि फक्त आकडे वाचतो. एका बातमीतून आईला ऐकू आलं ते 'ट्वेंटी ट्वेंटी फोर', मग बराच वेळ काही नाही, मग 'फिफ्टीन'. एका शब्दाची दुरुस्ती आहे ही. बसून करा ना!

वर ही एक्स्टेंशनं परवानगी मागतात ती सगळ्या संकेतस्थळांवरचा सगळा डेटा वाचायची आणि बदलायची. बँकेचं पानही त्यात आलं. एक अग्रलेख वाचायला?

सहावं एक्स्टेंशन काढून टाकलं तेव्हा कुठे कळलं की मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमध्ये मोठ्याने वाचायची सोय मुळातच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबायचं. त्यात आरोही आणि मनोहर असे दोन खरे मराठी आवाज आहेत, फुकट. 'सर्वोत्तम दहा' छापाच्या एकाही यादीत मला हे दिसलं नाही! तीन रविवार घालवले मी.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते पैसे घेणाऱ्या एका एक्स्टेंशनवर. आठवडाभर चाचणी मोफत म्हणून कार्ड घेतलं, मी बंद करायच्या आत वर्षाचे पैसे कापले. मराठी आवाज कुठाय म्हणून विचारलं, तर उत्तर आलं: आमचा हिंदी आवाज देवनागरी उत्तम वाचतो, तोच वापरा. अहो, नेपाळीसुद्धा देवनागरीतच लिहितात, नेपाळ्यांनाही हिंदीच ऐकवणार का? २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून मराठी सांगितली आहे. ती लिपी नाही, भाषा आहे, आणि तुम्ही ती यादीत लिहून माझ्याकडून पैसे घेतलेत. आवाज द्या, नाहीतर मराठी हा शब्द त्या पानावरून आजच्या आज काढा आणि माझे पैसे परत करा.